परत आलेलं दावं

नाना, आपली म्हैस तुम्ही धुळ्याच्या पांजरपोळीत सोडलीच नव्हती, हे मला आता कळलं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा आठवावा लागतो, आणि भांडायला समोर कोणी नाही. तरी लिहायला बसले आहे. इथून माझी शेड दिसते. एक म्हातारं गाढव, एक पाय गेलेलं कुत्रं, दोन रेडकं आणि दाराजवळची रिकामी खुंटी. त्या खुंटीवर तुमचं दावं असायचं. तुमच्यामागे गावचं घर आवरलं तेव्हा मी तेवढं एकच मागून घेतलं होतं. लोक सोनं मागतात, भांडी मागतात, हिने म्हशीचं दावं मागितलं म्हणून जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, माझ्या वेडेपणाला बघताहेत.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. म्हशीची धार आईच काढायची. दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की ती पान्हा चोरायची. आईचे दिवस झाले आणि तुम्ही चरवी घेऊन बसलात. एक लाथ बसली, चरवी गडगडत उकिरड्यापर्यंत गेली, आणि तुम्ही मांडी चोळत तिला नाही नाही ते बोललात. शेजारची काकू कुडाआडून बघत होती. ती म्हणाली, "भाऊ, पोरले तिनी मायनं लुगडं नेसाडी द्या, मंग दखा." मला ते अजून दिसतं. काकू मला आईचं हिरवं लुगडं गुंडाळते आहे, काठ पायात येतो आहे, मी कशीबशी म्हशीशेजारी बसते. ती मान वळवते. माझा खांदा हुंगते, पदर हुंगते, एक लांब श्वास सोडते, आणि माझ्या हाताखाली कास भरून येते. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा तुम्ही उठून घरात गेलात. मी तिच्या कुशीला डोकं टेकून रडले आणि रडता रडता धार काढली. त्या दिवसापासून शाळेच्या कपड्यांवर आईचं लुगडं गुंडाळून मी सकाळ-संध्याकाळ धारेला बसायला लागले. आई गेल्यावर त्या घरात मला अंगाशी येऊ देणारं तेवढं एकच कोणी होतं. तुम्हाला टोचावं म्हणूनच हे लिहिते आहे.

मग ती आटली. पुन्हा गाभण राहिना. तुम्ही एकदा जेवताना म्हणालात की आता तिला पांजरपोळीत नेऊ, तिथे शेवटपर्यंत सांभाळतात, वैरणपाणी सगळं असतं. मी पानावरून उठले, रुसले, पण बाजार म्हणाला असतात तर घर डोक्यावर घेतलं असतं. पांजरपोळ म्हटल्यावर मी पुन्हा पानावर येऊन बसले. ज्या दिवशी टेम्पो आला त्या दिवशी तो उकिरड्याच्या उंचवट्याला मागून लावला होता, तिला चढायला सोपं जावं म्हणून. ती चढेना. ड्रायव्हरने शेपटी पिरगाळली, तुम्ही पुढून ओढलंत, तिने चारी पाय रोवले. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते आठवायचा मी अलीकडे फार प्रयत्न करते, पण नुसता पटक्याखालचा घाम आठवतो. तुम्ही म्हणालात, "जाय, तुनी मायनं लुगडं नेसी ये. तू म्होरे चाल, ती तुना मांगे येई."

मी नेसून आले. टेम्पोत पुढे चढले आणि तिला हाक मारली. ती पदर हुंगत हुंगत, एकदाही न अडता, माझ्यामागे वर आली. मला केवढा अभिमान वाटला होता! दोन दांडगे पुरुष थकले आणि मी नुसत्या हाकेवर तिला चढवली. मी तिची मान खाजवली, खाली उतरले, फळी लागली, तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसलात.

दिवेलागणीला तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या हातात दावं होतं. मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. काकू कळण्याची भाकरी ठेवून गेली होती, ती तशीच झाकलेली. मी विचारलं, "नाना, दावं काबं लई उनात?" तुम्ही दावं खुंटीला अडकवलंत, माझ्याकडे पाठ होती. तुम्ही म्हणालात, "तठे जनावर बांधतस नही. मोकळं सोडतस. दावं कसाले देऊ तेस्ले?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणालात की तिथे मोठं तळं आहे, म्हशी दिवसभर पाण्यात पडून असतात. मी ताट ओढलं आणि जेवले. तुम्हाला वाढू लागले तर म्हणालात, "तू खाई ले. माले भूक नही."

ते एक वाक्य तुम्ही सोडून दिलं असतंत तर एक वेळ चाललं असतं. पण तुम्ही ते पोसलंत. कामासाठी धुळ्याला गेलात की परत आल्यावर मी विचारायच्या आत सांगायचात, "दखी उनू तिले. दिनभर तलावमा पडेल ऱ्हास." कधी म्हणायचात जाडी झाली आहे, कधी म्हणायचात तिथल्या एका म्हाताऱ्या रेड्याशी तिची गट्टी जमली आहे. मला घेऊन चला म्हटलं की एस.टी.ची गर्दी, शाळा बुडेल, पुढच्या वेळी. मी मोठी झाले, लग्न होऊन इकडे भुसावळच्या बाजूला आले, आणि मग म्हशीचं वय मोजून मीच विचारायचं सोडलं. मनात म्हटलं, पाण्यात पडून निवांत गेली असेल. इतकं पक्कं काम केलं होतंत तुम्ही.

नाना, मी आता काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या जावयांची नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, पाळ्यांची. मुलं शिकून पुण्याला गेली आणि क्वार्टरमध्ये मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघेच उरलो. आपण कशासाठी उठतो सकाळी, हे मला खरोखर कळेनासं झालं होतं. त्या दिवसांत वरणगाव रस्त्याला एक लंगडं गाढव दिसलं. वीटभट्टीचं काम संपल्यावर त्याला मागेच सोडून लोक निघून गेले होते. मी रोज पाणी न्यायला लागले, मग डॉक्टर, मग औषध, मग एक दिवस ते चक्क माझ्यामागे कॉलनीच्या फाटकापर्यंत चालत आलं. कॉलनीतल्या बायकांनी मला गाढवाची आई म्हणायला सुरुवात केली. म्हणू देत. त्या गाढवाच्या जखमेवर मलम लावताना मला आईचं लुगडं नेसून बसलेल्या त्या मुलीचे हात आठवले, आणि वाटलं, हे हात कशासाठी आहेत ते मला फार पूर्वीच माहीत होतं, मध्ये विसरले होते. आम्ही रस्त्यालगत तुकडाभर जागा घेतली, पत्रे टाकले. आता टाकून दिलेली, गाडीखाली आलेली जनावरं लोक माझ्याकडे आणतात. मी त्यांना बरं होईपर्यंत सांभाळते आणि मग चांगलं घर बघून देऊन टाकते. ते गाढव मात्र कुणी नेलं नाही. तेच आता म्हातारं होऊन इथे माझ्यावर हुकूम गाजवतं.

माझ्या शेडमध्ये जनावर बांधत नाहीत. प्रत्येकाला बांबूचा आडोसा आहे, कुंपण आहे, दावं नाही. लोक विचारतात, बाई, बांधत का नाही? मी प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगायचे. माझ्या वडिलांनी भाकड म्हैस विकली नाही, पांजरपोळीत सोडली, आणि दावं परत आणलं, कारण तिथे जनावर मोकळं असतं. शाळेत बोलावलं तिथे मुलांसमोर सांगितली. रडणाऱ्या बायकांना सांगितली. जनावर नव्या घरी जायच्या दिवशी मी खुंटीवरचं तुमचं दावं काढायचे, त्याच्या गळ्यात घालून गाडीपर्यंत न्यायचे, आणि गाडीत चढलं की दावं सोडून परत आणायचे. मोकळं जावं म्हणून. माझ्या लेखी ती पूजा होती.

गेल्या वर्षी म्हशीची एक वगार आली. गाडीने उडवलेली, मागचा पाय मोडलेला. माझ्याकडे कामाला एक मावशी येते, रस्त्यापलीकडेच राहते, एकटी बाई. तिने त्या वगारीला बाटलीने पाजलं, पेंड भिजवून बोटाने भरवलं, पाय शेकला. वगार उभी राहिली तेव्हा मावशीने आख्ख्या रस्त्याला गूळ वाटला. आमच्या यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचे वडील चाळीसगावाकडे शेती करतात. त्यांना घरच्या दुधासाठी म्हैस हवी होती आणि माणूस भला होता, म्हणून मी वगार त्यांना द्यायचं ठरवलं. त्यांना मी आबा म्हणते. ते टेम्पो घेऊन आले. मी नेहमीसारखं तुमचं दावं घालून वगारीला गाडीत चढवलं, दावं सोडलं, गुंडाळून हातात घेतलं. आबा गाडीशी थबकले. म्हणाले, "आक्का, दावं काढी लिन्हं? तुम्ही तं फुकट देतस, आसं मना पोऱ्या सांगे."

मी म्हटलं, "फुकटच देते आहे, आबा."

"मंग दावं काबं काढं?" ते जरा रागावलेच होते, हात खिशाकडे गेला होता. मग मला खरंच ठाऊक नाही असं बघून त्यांनी सांगितलं, "इकेल जनावरनं दावं धनी काढी लेस, घर लई जास. दावासंगे लक्षुमी जास म्हंतस. दान दिन्हं, का पांजरपोळले दिन्हं, तं दावासगट देनं पडस. दावं परत उनं म्हंजे जनावर इकाई गयं."

विकलेल्या जनावराचं दावं धनी परत नेतो, दान दिलेलं जनावर दाव्यासकट जातं. बाजार पुरुषांचा, नाना. आम्ही पोरीबाळींनी जनावर फक्त गोठ्यातून जाताना बघायचं. मला कोण सांगणार होतं ही रीत? मी हसत हसत आबांना म्हटलं, असं कसं, माझ्या वडिलांनी तर पांजरपोळीत म्हैस दिली आणि दावं परत आणलं, हेच ते. आणि पुढे धरलं. आबा दाव्याकडे बघत राहिले. मग टेम्पोच्या चाकाकडे बघायला लागले. म्हणाले, "मंग तठली रीत येगळी व्हई, आक्का. मी काय बठ्ठ्या पांजरपोळी देखेल शे का?" त्या भल्या माणसाच्या तोंडून इतकं कच्चं खोटं निघालं की मला सगळं समजलं. मी वगारीला खाली उतरवून घेतलं. आबा रिकामा टेम्पो घेऊन गेले.

मी काकूला फोन लावला. ती आता फार म्हातारी आहे, ऐकू कमी येतं, मला ओरडून विचारावं लागलं. तिने नाही म्हणावं म्हणून मी किती वाट बघितली! ती म्हणाली, "कोनी सांगं तुले?" एवढंच. मग म्हणाली, "गावमा बठ्ठास्ले माहीत व्हतं वं माय. तुना बापच घरोघर सांगी उना व्हता, पोरले कोनी काही सांगानं नही." म्हणजे दावं मागितलं तेव्हा त्या बायका का बघत होत्या, तेही कळलं. अख्खं गाव त्या गोष्टीत सामील होतं, आणि मी ती गोष्ट गावोगाव सांगत फिरत होते.

तुम्ही म्हैस विकलीत, हे मी समजून घेऊ शकते. भाकड जनावर किती दिवस पोसायचं, हे मला आता तुमच्यापेक्षा जास्त कळतं, रोज पेंड मीच विकत आणते. खोटं बोललात, तेही एक वेळ. पण मला पुढे का घातलंत? भाकड म्हैस बाजारात कोण घेतं, नाना? दूध काढणारा तर घेत नाही. ती तुमच्या ओढण्याने चढली नाही, मारानेही नाही. ती आईच्या लुगड्याला हुंगून चढली. तिला त्या गाडीत मी चढवली, आणि वर अभिमानाने मान खाजवली. त्या सकाळी तुम्ही म्हैस, आई आणि मी, तिघींना एकदम विकलंत, आणि संध्याकाळी मला भाकरी खायला लावलीत. मी चिडले आहे, आणि ती चीड आता कुठे ठेवायची तेही तुम्ही सांगून गेला नाहीत.

त्यानंतर मी बराच काळ कोणतंही जनावर दिलं नाही. कुणी न्यायला आलं की मला त्याच्या हातात बाजार दिसायचा. शेड भरली. नवीन जनावरासाठी फोन आले तर जागा नाही म्हणून सांगायला लागले, आणि एकदा फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते जनावर आता रस्त्यावरच राहील. जी गोष्ट सांगून मी हे काम उभं केलं ती खोटी निघाली, तर काम खरं कसं, हा एकच प्रश्न मी पाट्या उचलताना, शेण काढताना घोळवत होते. गाढवाला त्या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. ते वेळेवर ओरडायचं, मला वेळेवर उठावं लागायचं. शेवटी मीच आबांना फोन केला. ते आले. मी वगारीला चढवलं, आणि तुमचं दावं तिच्या गळ्यात तसंच राहू दिलं. टेम्पो वळेपर्यंत ते मला दिसत होतं. मावशी मात्र बाहेर आली नाही. रिकाम्या आडोशात बसून राहिली, डबासुद्धा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

म्हणून मी न सांगता चाळीसगाव गाठलं आणि तिथून आबांच्या गावी गेले. पुढच्या वेळी, असं मला कुणाला म्हणायचं नव्हतं. वगार तिथे होती. अंग तेल लावल्यासारखं चकचकीत, पुढ्यात हिरवा घास, शेजारी सरकीची पेंड भिजत घातलेली. आणि लिंबाखाली बांधलेली, तुमच्याच दाव्याने. आबा ओशाळले. म्हणाले, "सोडं तं कपाशीमा घुसस, आक्का. मंग लोके शिव्या देतस." मी तिच्या गळ्याखाली बोटं घालून बघितली, दावं सैल होतं. तिने माझा पदर हुंगला आणि पुन्हा घासात तोंड घातलं. तळंबिळं काही नव्हतं, एक सिमेंटचा हौद होता, तोही अर्धा. ती सुखात होती. सुखात असलेलं जनावर असंही दिसतं, एवढं मला कोणी आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचून घडी घालून खिशात ठेवलं असतंत, उत्तर दिलं नसतंत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे स्वच्छ लिहून ठेवते. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. गावाहून परत आले तेव्हा मावशी त्याच आडोशात बसली होती, डबा शेजारी, झाकण लावलेला. तिने वर बघून विचारलं, "तिले बांधून ठेवलं काय वं ताई?" खरं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं, नाना. लिंबाचं झाड, हौद, सैल दावं, सगळं सांगण्यासारखंच होतं. पण मी भिंतीकडे वळून चप्पल काढत म्हणाले, "नाही गं. तिथे बांधत नाहीत. मोकळी असते. मोठं तळं आहे, दिवसभर पाण्यात पडून असते." मावशीने डोळे पुसले, डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी म्हटलं, तू खा. मला भूक नाही.